लेकरू बोलेना, तर वाट किती पाहायची?

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, बाजरी पेरली. चौथ्या-पाचव्या दिवशी तासातासांतून हिरव्या रेघा दिसू लागतात. समजा, नाही दिसल्या. तर तुम्ही काय करता? सहाव्या दिवशी उकिडवे बसून माती उकरता. बी कुजले का, मुंग्यांनी ओढले का, वर पापडी धरली का, ते बघता. ‘आमच्या रानात बाजरी उशिराच उगवते’ असे म्हणून दिवाळीपर्यंत गप्प बसणारा शेतकरी मला तरी अजून भेटलेला नाही.

पण त्याच शेतकऱ्याच्या घरात तीन-चार वर्षांचे लेकरू बोलेना झाले, तर काय होते? आजी म्हणते, “बोलंल की! ह्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला व्हता?” चुलती वेखंड उगाळून जिभेला लावते. कोणी पोपटाने चोच मारलेला पेरू आणून देतो, कोणी नवस बोलतो. या सर्वांची माया खरी असते, यात शंका नाही. पण माती मात्र कोणी उकरून बघत नाही.

वाचकहो, ही माती उकरून बघण्याचे काम मी गेली पंधरा वर्षे नगर जिल्ह्यात करते आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या सवयीने तोंडात अजून नगरच येते. या कामात मी जे पाहिले, ते तुमच्यासमोर ठेवावे म्हणून हा लेख.

वक्तृत्वाच्या बाई

माझ्या कामाला इंग्रजीत स्पीच थेरपी म्हणतात, मराठीत वाचा-उपचार. नावावरून लोकांचा घोटाळा होतो. एका गावात सरपंचांनी मोठ्या मानाने खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, “बाई, बरं झालं आलात. सव्वीस जानेवारीला पोरांची भाषणं हायेत, जरा तयारी करून घ्या.” मी म्हटले, “दादा, भाषण करणाऱ्या पोरांना माझी गरज नाही. वर्गात जो तोंडच उघडत नाही, तो पोरगा मला दाखवा.” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “तसलं तर आमच्या भावकीतच एक हाय.”

आपल्या देशात हे शिक्षण तसे अलीकडचे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली निघाली. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली सुरू झाली. पुढे १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे अशा तज्ज्ञांची नोंदणी होऊ लागली. तुम्ही कोणाकडे लेकराला नेलेत, तर हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. बियाण्याची पिशवी घेताना आपण शिक्का बघतोच ना?

शहरांत असे दवाखाने बरेच झाले. पण आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर. अकोल्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून निघालेली बाई लेकराला घेऊन नगरला पोचते, तेव्हा तिचा दिवस मोडलेला असतो आणि रोजही बुडालेला असतो. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत वाचा-उपचार तज्ज्ञ असतो असे नाही. २०१८ पासून चालू असलेल्या समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरतात आणि अशा मुलांच्या याद्या करतात. मी नोकरी करते ती एका मूकबधिर विद्यालयात. पण ठरलेल्या दिवशी या शिक्षकांच्या मोटारसायकलवर बसून वस्तीवरच्या शाळांतही जाते.

घसा नव्हे, आधी कान

पाथर्डीकडच्या एका शाळेत सहा वर्षांची एक मुलगी पहिलीत आली होती. सारे गाव तिला ‘मुकी’ म्हणे. आईबाप ऊसतोडीला जाणारे. मी विचारले, “हिला ऐकू येतं का?” आई म्हणाली, “येतं की! ट्रॅक्टर आला की पळत जाती. हलगी वाजली की नाचती.”

इथेच पुष्कळ आईबाप फसतात. ट्रॅक्टरची धडधड आणि हलगीचा ठोका हे जाड, मोठे आवाज. ते अर्धवट बहिऱ्या मुलालाही कळतात. थोडे तर जमिनीच्या हादऱ्यानेच कळतात. पण बोलण्यातले स, श, क, त हे बारीक आवाज त्याच्या कानापर्यंत पोचत नाहीत. ‘सासू’, ‘काका’, ‘ताट’ हे सगळे त्याला भिंतीपलीकडच्या पुटपुटण्यासारखे असते. मागे उभे राहून टाळी वाजवण्याची चाचणीही फसवी. मूल सावली बघून नाही तर वाऱ्याची झुळूक लागून वळते आणि आपण म्हणतो, ऐकू येते.

‘मुके’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे. ही मुलगी पडली की मोठ्याने रडायची, गुदगुल्या केल्या की खिदळायची. घसा ठणठणीत, जीभ ठणठणीत. पण जे कधी ऐकलेच नाही, ते बोलणार कसे? मूल आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकू लागते. जन्मल्यावर वर्षभर ते नुसते ऐकते, आणि मग कुठे पहिला शब्द येतो. पहिली तीन-चार वर्षे म्हणजे भाषेच्या पेरणीचा हंगाम. नंतर पेरले तर काहीच उगवत नाही असे नाही. पण कष्ट दुप्पट आणि उतारा कमी.

तिची तपासणी झाली. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा चिकटवून कान आणि मेंदू यांच्यामधली वाट बघतात, तिला बेरा तपासणी म्हणतात. त्यात काही दुखत नाही. दोन्ही कानांना यंत्रे मिळाली. यंत्र घालून घरी नेल्यावर चौथ्या दिवशी बापाचा फोन, “बाई, अजून काय बोलंना!” मी त्यांना समजावले, “चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं हे नाही. तिचं वय सहा असलं, तरी तिचे कान चार दिवसांपूर्वी जन्मलेत. चार दिवसांचं तान्हं बोलतं का?” हे त्यांना पटले.

सहा आवाज आणि वाटीभर चिंचोके

यंत्र चालू आहे की नाही, हे रोज सकाळी पाहण्याची एक सोपी रीत आहे. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांनी ती घालून दिली. त्यात खर्च एक पैसाही नाही. आ, ई, ऊ, म्, श्, स् हे सहा आवाज. बोलण्यातले जाड-बारीक सगळे स्वर त्यांत येतात. लेकराच्या हातात चिंचोके द्यायचे, समोर वाटी ठेवायची. आईने मागे बसून, तोंड न दाखवता एकेक आवाज काढायचा. ऐकू आला की लेकराने एक चिंचोका वाटीत टाकायचा. सहा आवाज, सहा चिंचोके. एखाद्या दिवशी चारच पडले, तर बॅटरी उतरली का, यंत्रात घाम गेला का, कानात मळ दाटला का, ते बघायचे. यंत्र रात्री कोरड्या डबीत ठेवावे. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते, तीही त्यात टाकावी. यंत्र शिट्टी वाजवू लागले, तर बहुतेक वेळा ते बिघडलेले नसते. लेकरू वाढते तसा कान वाढतो, आणि कानातला साचा सैल होतो. नवा साचा करून घेतला की शिट्टी थांबते. ‘बिघडलं’ म्हणून ट्रंकेत टाकून दिलेली चांगली यंत्रे मी किती तरी पाहिली आहेत.

दसरा झाला आणि टोळी निघाली. मुकादमाची उचल घेतलेली. थांबणे शक्य नव्हते. पोरीला मागे ठेवावे, तर सांभाळणाऱ्या आजीला दिसत नाही. ती आईबापाबरोबर कारखान्यावर गेली. मी पाठवलेली चित्रांची वही पहिल्या आठवड्यातच कोपीत भिजली. आई पहाटे चारला फडात जायची. तिला बसवून शिकवायला वेळ कुठला? निघण्याआधी मी तिला एवढेच सांगितले होते, “वेगळं काही शिकवू नका. जे काम कराल, ते तिच्याकडे तोंड करून बोलून दाखवा. मोळी बांध. मोळी उचल. पाणी दे. पाणी नको.” फडात हे शब्द दिवसातून शंभरदा येतात. माझ्या वहीत ते दहादाच आले असते.

मध्ये महिना-दीड महिना बॅटऱ्या संपल्या आणि यंत्र बंद राहिले. ते दिवस गेले ते गेलेच. पण एप्रिलअखेर टोळी परतली, तेव्हा आई शाळेत येऊन म्हणाली, “बाई, आता ही उलट बोलाया लागली.” मी मुलीला खाऊ देऊन परत मागितला. तिने मूठ घट्ट मिटली आणि स्पष्ट म्हणाली, “नाय!” आई तोंडाला पदर लावून किती वेळ हसत होती.

ती मुलगी आज सातवीत आहे. पुढच्या हंगामांत ती गावातच हंगामी वसतिगृहात राहिली, त्यामुळे शाळा तुटली नाही. तिचे बोलणे परक्या माणसाला पहिल्या खेपेला कळत नाही, मैत्रिणींना कळते. तीन वर्षांची असताना ती आमच्या हाती लागती, तर चित्र पुष्कळ वेगळे दिसले असते. आता लहान वयात शस्त्रक्रिया करून कानात बसवायचे कॉक्लियर इम्प्लांटही सरकारी योजनेतून मिळते. पण त्यानंतरची शिकवणी चुकत नाही. आणि ज्या मुलांना यंत्राचाही उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी खुणांची भाषा आहे. तिला व्याकरण आहे, शब्दसंग्रह आहे. दिल्लीत २०१५ साली तिच्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. खुणा करण्यात लाज कसली? लेकराच्या मनातले बाहेर आले म्हणजे झाले.

‘पानी’ म्हणणे हा दोष नव्हे

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. एका शाळेने मला ‘सदोष उच्चार’ असलेल्या अकरा मुलांची यादी दिली. मी प्रत्येकाशी बोलले. त्यांतली आठ मुले ‘पानी’, ‘आनि’, ‘व्हय’, ‘म्हनून’ म्हणत होती, एवढाच त्यांचा ‘दोष’! ती त्यांच्या घरची बोली आहे. अकोल्याच्या ठाकर वाडीतले पोर वेगळे बोलेल, पारध्याच्या पालावरचे वेगळे बोलेल. पुस्तकातली भाषा शाळा शिकवीलच. पण घरची बोली हा काही आजार नव्हे. पोराला दहा वेळा ‘नीट बोल’ म्हणून टोकले, तर ते नीट बोलत नाही. ते बोलणेच सोडते.

मग दोष कोणता? मी आजीची कसोटी लावते. पोर आपल्या माणसांसारखेच बोलत असेल आणि त्याच्या आजीला ते कळत असेल, तर ती बोली. पोर पाच वर्षांचे झाले आणि त्याच्या सख्ख्या आजीलाही कळत नसेल, तर ते मला दाखवा.

उरलेल्या तिघांपैकी एक ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणे. याचे निदान शाळेच्या भिंतीवरच लिहिलेले असते. आपली मुळाक्षरे म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. क ख ग घ घशाजवळ, च छ ज झ टाळूला, ट ठ ड ढ जीभ वर वळवून, त थ द ध दातांना, प फ ब भ म ओठांत. आपल्या पूर्वजांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे ओळखून अक्षरे लावली. या पोराची जीभ मागे जायच्या ठिकाणी पुढे दातांना जात होती. त्याला मी पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. गुळणीत जीभ मागे राहते, आणि ‘क’ची जागा त्याला सापडली. पुढच्या काही महिन्यांत तो ‘काका’ म्हणू लागला. ‘र’चे मात्र चौथ्या वर्षी ‘ल’ झाले, तर घाबरू नका. ‘र’ हा उशिरा येणारा वर्ण आहे. सहा-सात वर्षांपर्यंत त्याची वाट पाहावी.

फाटलेला ओठ आणि फाटलेली टाळू यांविषयीही दोन शब्द. आईने ग्रहणात विळी हातात धरली म्हणून असे होते, हा समज सोडून द्या. त्या माउलीला अपराधी ठरवू नका. शस्त्रक्रिया मोफत होते, मात्र ती वेळेवर करावी. नंतर बोलणे नाकातून येत असेल, तर उपचारही घ्यावा.

हरिपाठात न अडखळणारा मुलगा

नेवासे तालुक्यातला सहावीतला एक मुलगा शाळा बुडवू लागला. अभ्यासात बरा, अक्षर सुंदर. घरचे म्हणाले, उनाड झाला. मी त्याला बाजूला घेऊन विचारले. तो अडखळत, मान हलवत म्हणाला, हजेरीला भीती वाटते. ‘हजर’ हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नसे, आणि सगळा वर्ग वळून बघे. त्याहून कठीण शब्द कोणता, तर त्याचे स्वतःचे नाव. दुसरा एखादा शब्द अडला, तर वेगळा शब्द घालता येतो. नावाच्या जागी काय घालणार?

वडील रागावले होते. “नाटकं करतंय, बाई. संध्याकाळी देवळात हरिपाठ कसा घडाघडा म्हनतो? एकदा बी अडत न्हाई!” त्यांचे निरीक्षण खरे होते, अर्थ मात्र उलटा. तोतरे बोलणारे बहुतेक लोक गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळत नाहीत. हे नाटक नव्हे. या अडचणीचे लक्षणच तसे आहे. ही अडचण मुलींपेक्षा मुलांत बरीच जास्त दिसते, आणि बऱ्याचदा ती घराण्यात चालत येते. भीती हे तिचे मूळ नव्हे. पण भीतीने ती वाढते.

गुरुजी समंजस होते. त्यांनी सगळ्याच वर्गाची हजेरी हात वर करून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे एकट्याकडे बोट नको. धडा वाचताना दोघादोघांनी एकत्र वाचायचे ठरवले. घरच्यांना मी चार गोष्टी सांगितल्या: त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. ‘सावकाश बोल, दम घे’ असे दर वेळी सांगू नका. त्याच्याकडे बघत, तो संपेपर्यंत थांबा. आणि तुम्ही स्वतःच जरा सावकाश बोला. तोंडात खडे किंवा गोट्या धरायला लावण्याचा उपाय तर अजिबात नको. एखादा घशात गेला तर जिवावर बेतेल. तो मुलगा अजूनही अडखळतो. पण आता शाळा बुडवत नाही, आणि गेल्या खेपेला मला त्याने आपले नाव सांगितले. वेळ लागला, मी थांबले.

मग वाट किती पाहायची?

तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकले पाहिजे. सहा महिन्यांच्या आसपास आवाजाकडे वळले पाहिजे. वर्षाच्या आगेमागे एखादा अर्थाचा शब्द यावा. दोन वर्षांचे होताना ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडता यावेत. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे घराबाहेरच्यांनाही कळावे. यात महिना-दोन महिने मागेपुढे चालते. वर्ष-दोन वर्षे चालत नाहीत. आणि येत असलेले शब्द एखाद्या लेकराने सोडून दिले, तर एक दिवसही थांबू नका.

कान वाहत असेल, तर त्यात तेल, लसणाचा रस असले काही ओतू नका. पावसाळ्यातल्या सर्दीने कानात पाणी साचून राहते. तेवढ्यानेही मूल वर्गात महिनोन्महिने अर्धवट ऐकते आणि ‘मठ्ठ’ ठरते. डॉक्टरला दाखवले, तर ते बरे होते. दुसरे म्हणजे, रडते म्हणून लेकराच्या हातात मोबाइल देऊ नका. मोबाइल बोलतो, पण लेकराचे ऐकून घेत नाही. बोलणे शिकायला दोन माणसे लागतात.

दाखवायचे कोठे? २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि पथकातल्या डॉक्टरांना आपण होऊन सांगा, “हे बोलत नाही.” गडबडीत ती गोष्ट त्यांच्या लक्षात येईलच असे नाही. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत. ऐकू न येणे आणि वाचा-भाषेची अडचण हे दोन्ही त्यांत आहेत. त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलती मागताना दबकून राहू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या बहिणींना शेवटी एवढेच सांगते. निघण्याआधी शाळेतून बॅटऱ्यांचा पुरता साठा मागून घ्या. डबी पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवा, कोपीच्या कुडाला टांगू नका. आणि घरीच राहणाऱ्यांनो, उद्या सकाळी धार काढताना लेकराला जवळ बसवा. गाय, वासरू, चरवी, फेस, जे दिसेल ते त्याला सांगा, त्याच्याकडे बघून सांगा, आणि थोडे थांबून ते काय म्हणते ते ऐका. तरीही मनात शंका राहिली, तर शाळेत जाऊन त्याचे नाव यादीत घालायला लावा. यादी लांबली, तर आमच्या फेऱ्या वाढतील. वाढू द्या.